एका नारळाचा विमा

माणूस तोंडावरून नव्हे, पाठीवरून ओळखावा असं मनापासून मानणारा माझ्या पाहण्यात एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. माझं घर खारेपाटणला, पण पन्नास सालानंतरची शाळेची वर्षं मी जामसंड्याला आत्याकडे काढली, त्यामुळे मी म्हणतो ती अतिशयोक्ती नव्हे हे सांगायला मीच साक्षीदार आहे. एकदा माझे वडील बहिणीला भेटायला आले. आतोबा पडवीतच बसले होते. त्यांनी वडिलांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "पावणे खंयचे?" वडील असे संतापले की आल्या पावली परत निघाले. चपला घालायला ते वाकले मात्र, मागून आतोबांची आरोळी आली, "अरे, हे तर आमचे मेवणे!" पुढे वर्षभर वडील हे आठवून हसायचे, पण आत्याच्या घरी गेले की पडवीत पाऊल टाकताना जरा तिरके होऊनच टाकायचे.

आतोबांनी उमेदीची वर्षं मुंबईत एका विमा कंपनीत पट्टेवाला म्हणून काढली होती. पहाटे तालमीत जाऊन पैलवानांची अंगं रगडायची आणि दिवसभर साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसून विम्याची बोलणी ऐकायची. गावी परतले तेव्हा ही दोन्ही शास्त्रं त्यांच्या डोक्यात अशी मिसळली होती की ती पुन्हा वेगळी करणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. त्यांनी गावात मालिशचा विमा काढला. घरटी एक नारळ शिमग्याला आणून द्यायचा, तो हप्ता. पुढच्या शिमग्यापर्यंत त्या घरात कुणाची कंबर लचको, मान धरो, कुणी माडावरून पडो, आतोबा तेलाची बाटली घेऊन हजर. माणूस गेल्यावर पैसे देणाऱ्या मुंबईच्या विम्याबद्दल त्यांना आदर होता, जिव्हाळा नव्हता. "मेल्यार पैशे देवन तेचा दुखणा जाता काय?" असं ते विचारत. दुखणं आल्यावर धावत नारळ घेऊन येणाऱ्याला मात्र ते पायरीवरच अडवायचे. "घराक आग लागल्यार विमो काडूक इलंस?" असं खडसावून नारळ परत करायचे आणि मग त्यालाच सतरंजीवर आडवं पाडून फुकट रगडायचे. पण ते खातं धर्मादायाचं. रगडताना विमेदाराला ज्या मुंबईच्या गप्पा ऐकायला मिळत, त्या धर्मादायवाल्याला मिळत नसत.

मालिशच्या प्रकारांवर त्यांनी बोलायला सुरुवात केली की आत्या चुलीवरचा भात उतरवून ठेवायची, कारण जेवण लांबणार हे ठरलेलं. लहान मुलांना आणि बाळंतिणीला चोळायचं, तेही खोबरेल तेलाने आणि गाणं म्हणत. नांगर धरणाऱ्या पाठीला रगडायचं, तिला उंडीचं तेल, आणि गाणं अजिबात नाही. जुनाट वाताला निर्गुडीचा पाला तव्यावर तापवून त्याची पुरचुंडी करून शेकायचं. आणि जिथे हाताचं काही चालत नाही तिथे तुडवायचं. त्यासाठी पडवीच्या वाशाला सुंभाचा जाड दोर बांधलेला होता. त्याला लोंबकळून आतोबा रोग्याच्या पाठीवर चालायचे, आणि खालून येणाऱ्या आवाजावरून पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते ठरवायचे. एकदा दोन चुलतभाऊ कुंपणाच्या गडग्यावरून एकमेकांना काठीने बडवून घेऊन आले. दोघांचेही नारळ पोचलेले. आतोबांनी दोघांना एकाच चटईवर शेजारी शेजारी पालथं घातलं आणि पाळीपाळीने रगडायला घेतलं. जो कोर्टाचं नाव काढेल त्याच्या पोटरीत अंगठा रुतायचा. तेलाची बाटली संपली तेव्हा गडग्याचा निकाल लागलेला होता.

पण त्यांचा खरा कहर माघ महिन्यात व्हायचा. वर्ष संपत आलेलं, आणि गावात काही माणसं नारळ देऊनही धडधाकट राहिलेली! अशा माणसांची आतोबांना मनापासून कीव यायची. "हप्तो फुकट चल्लो मां तुमचो!" असं हळहळत ते त्यांना शोधत हिंडत. त्यांना येताना बघून चांगली पोक्त माणसं काजूच्या बागेत दडून बसलेली मी पाहिली आहेत. आमचे गुरुजी घाटावरचे, त्यांना दडायची जागा ठाऊक नव्हती. आतोबांनी त्यांना शाळेच्या व्हरांड्यातच गाठलं. "गुरुजी, खंय दुखता?" "कुठेच नाही हो." "मगे वायच वाकान दाखवा." गुरुजी भाबडे, वाकले. पुढचा प्रकार सगळ्या शाळेने खिडक्यांना लोंबकळून पाहिला. गुरुजी त्या दिवशी कंबर धरून घरी गेले, आणि पुढच्या शिमग्याला सगळ्यात पहिला नारळ त्यांचाच आला.

या साऱ्या गावात विमा नसलेली पाठ एकच, ती माझ्या आत्याची. भात लावून, पाणी ओढून तिची कंबर कायम दुखायची. ती म्हणायची, "गावाच्या पाठी चोळतास, घरातली तुमका दिसना नाय." आतोबा तेलाचं बूच लावत शांतपणे विचारायचे, "तू नारळ खंय दिलंस गो?" "मी तुमका आखो जलम दिलंय, नारळ कसलो मागतास?" एवढं बोलून आत्या आत जायची. मला ती गंमत वाटायची. आत्यालाही अर्धी गंमतच वाटत असावी, उरलेल्या अर्ध्याचं मला तेव्हा कळत नव्हतं.

मग एका वर्षी भातकापणीच्या दिवसांत आतोबांच्या अंगावरून वारं गेलं. पाय आठवड्याभरात सावरला, जीभ तर अडखळलीच नाही, पण उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. देवगडचे डॉक्टर म्हणाले, "रोज दोन वेळा मालिश करा. शिमग्यापर्यंत हात येईल. नाही केलं तर कायमचा गेला समजा." आत्याने लगेच तेल गरम केलं, तर आतोबांनी डाव्या हाताने वाटी दूर सारली. "माझो हप्तो खंय आसा?" ते म्हणाले. सगळ्या गावाचे नारळ त्यांच्याकडे आले होते, त्यांचा स्वतःचा नारळ कुणाकडेच गेला नव्हता. आत्याने विनवलं, "मगे धर्मादायात घेवा." त्यावर ते भिंतीकडे तोंड करून निजले. "धर्मादाय माका? मी घेवचंय नाय." दिवस जात होते, बोटं सुकत चालली होती, आणि हा माणूस नियम सोडायला तयार नव्हता. आत्या चुलीपुढे बसून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि घाबरून गेलो.

आत्याने ही कथा विहिरीवर सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पडवीत आले. ओळख पटावी म्हणून ते आधी पाठमोरे उभे राहिले, मग वळून म्हणाले, "गेल्या माघात तुम्ही मला रगडलंत. मला काही झालं होतं?"

"नाय."

"मी मागितलं होतं?"

"नाय."

"म्हणजे ते तुमचं माझ्याकडे जास्तीचं पडून आहे. परत करायला आलोय."

 जास्तीचं आलेलं परत करावं, हा आतोबांच्या कंपनीचाही नियम होता. एवढ्यात गुरुजींच्या मागून गडग्यावाल्यांपैकी थोरला पुढे झाला. "आमचाय परत घेवा. दर माघात रगडलास, आमका नको होता ता." त्याच्या मागे पायरीपासून बेड्याच्या फाटकापर्यंत माणसं उभी होती. गावात नको असलेलं मालिश किती साठलं होतं, ते त्या दिवशी कळलं.

त्यानंतर आमच्या पडवीत रोज सकाळ-संध्याकाळ पाळ्या लागल्या. ते दोघे चुलतभाऊ एक खांद्यापासून, एक मनगटापासून चोळत यायचे आणि कोपरापाशी त्यांची हद्दीवरून कुरबुर व्हायची. आतोबा पडल्या पडल्या सगळ्यांवर ओरडत असायचे. "मालिश करतंस काय पीठ मळतंस?" हे गुरुजींनासुद्धा, अरे-तुरे करून. ते ओरडणं ऐकून आत्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. शिमग्याचे ढोल वाजू लागले तेव्हा आतोबांनी आलेला पहिला नारळ उजव्या हाताने उचलला. नारळ पडला नाही. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन उगाचच माडाला मिठी मारली.

हातात पूर्वीचा जोर मात्र आला नाही. रगडणं संपलं, तुडवणं संपलं, सुंभाचा दोर आत्याने विहिरीला लावला. त्याच शिमग्यात एका दुपारी ती आतोबांपुढे एक नारळ ठेवून त्यांच्याकडे पाठ करून बसली. "घेवा माझो हप्तो." आतोबांनी तेल लावलेला तो अशक्त हात तिच्या कमरेवर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "गो, ही पाठ माका ठावकच नाय."

"मगे आता वळख करून घेवा," आत्या म्हणाली.

आता ती दोघंही नाहीत. माझा खांदा अधूनमधून धरतो आणि मुंबईच्या दवाखान्यात जावं लागतं. तिथली मुलगी मान वर न करता विचारते, "विमा आहे का?" मी नाही म्हणतो, आणि सदरा काढून पालथा पडल्यावर वाटत राहतं, आत्ता मागून कुणीतरी आपल्याला ओळखेल.