बुधवारच्या शोचा शेवट

"मेलाच असंल तो शेवटी. किती खोकून राहिला होता."

वानखेडे काकू तिकीट काउंटरच्या रांगेत उभ्या होत्या आणि मागच्या बाईंना हे सांगत होत्या. त्या बाईंचं म्हणणं वेगळं होतं. ऑपरेशन ठरलं होतं, मुलगा अमेरिकेहून निघाला होता, म्हणजे वाचला असणार. रांग पुढे सरकेपर्यंत दोघींनी त्या माणसाला दोनदा मारलं आणि दोनदा जिवंत केलं. मी काउंटरच्या आत उभी होते. तो माणूस मला माहीत होता. तो आदल्या बुधवारच्या पिक्चरमधला बाप होता आणि या दोघींनी तो पिक्चर आमच्याच हॉलमध्ये, तिकीट काढून पाहिला होता.

मला विचारता आलं असतं. मी तिकिटं दिली आणि 'एन्जॉय द शो' म्हटलं. आम्हाला तेवढं म्हणायला शिकवलेलं असतं आणि मला तेवढं पुरतं.

रायपूरमध्ये शंकर नगरच्या बाजूला एका मॉलमध्ये आमचं चार स्क्रीनचं मल्टिप्लेक्स आहे. मी तिथे ड्यूटी मॅनेजर आहे. नाव मोठं आहे. काम असं, की शो वेळेवर सुरू झाला का, हॉल झाडून झाला का, कुणाच्या सीटवर कोल्ड्रिंक सांडलं का, ते पाहायचं. पिक्चर कुठला आणि किती वाजता, हे आम्ही ठरवत नाही. ते 'प्रोग्रामिंग'वाले ठरवतात. ते दुसऱ्या शहरातल्या हेड ऑफिसात बसतात आणि त्यांनी आमचा हॉल बहुतेक नकाशावरच पाहिलेला असतो.

नवे पिक्चर शुक्रवारी लागतात. बुधवारपर्यंत त्यांची हवा गेलेली असते. बुधवार सकाळ-दुपारला आमच्याकडे डेड स्लॉट म्हणतात. त्या वेळी खुर्च्या एसीची हवा खात बसतात. म्हणून प्रोग्रामिंगने साठीच्या पुढच्यांसाठी अर्ध्या दरात एक शो काढला. बुधवार, साडेअकरा. जाहिरात बरी झाली आणि लोक यायला लागले. बूढ़ापारा आणि ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांतून ई-रिक्षा भरून काका-काकू यायचे. त्यात मराठी घरची माणसं पुष्कळ होती, रेल्वेतून, सरकारी ऑफिसांतून रिटायर झालेली. निम्मा हॉल भरायचा. बुधवारच्या मानाने ही चैन होती.

मग चौधरी सर आले. ते आमचे रीजनल मॅनेजर, आसपासच्या शहरांतले सिनेमे त्यांच्याखाली आहेत. ते हॉलच्या मागे उभे राहून शो पाहत होते. इंटरव्हल होऊन थोडा वेळ गेला होता. पडद्यावर मुलीचं लग्न मोडायच्या बेतात होतं. तेवढ्यात सगळा हॉल उठला आणि निघून गेला. मुलगी आणि चौधरी सर, दोघंच उरले.

प्रेक्षक मध्येच उठून जातो त्याला आम्ही वॉक-आउट म्हणतो. एखाद-दुसरा प्रत्येक शोला जातो. अख्खा हॉल उठणं मी दर बुधवारी पाहत होते, पण मला वाटायचं, वरच्यांना माहीत असेल. वरच्यांना माहीत नव्हतं.

"पिक्चर पसंद नहीं, या हम पसंद नहीं?" चौधरी सरांनी मिश्रा सरांना विचारलं. मिश्रा सर आमचे सिनेमा मॅनेजर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. चौधरी सरांनी पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत मुदत दिली. प्रेक्षक शेवटपर्यंत बसत नसेल तर शो बंद, त्या वेळेत मुलांच्या बर्थडे पार्ट्या घेऊ, असं सांगून ते गेले.

मिश्रा सर मेहनती माणूस. त्यांनी आधी एसी पकडला. म्हाताऱ्यांना थंडी वाजत असेल म्हणून हॉल कोमट केला. पुढच्या बुधवारी निम्मे लोक पदराने आणि तिकिटाने वारा घेत बसले, आणि नेहमीच्या वेळी उठून गेले. मग आवाज. तो कमी केला, तर 'काय म्हणाला तो?' असं एकमेकांना विचारण्याचा आवाज पिक्चरपेक्षा मोठा झाला. मग त्यांनी प्रोग्रामिंगशी भांडून देवाचा पिक्चर मागवला. लोक खूश झाले. पडद्यावर देव प्रकट झाले तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, आणि हात जोडूनच उठले.

शेवटी सर स्वतः एक्झिटच्या दारात उभे राहिले आणि प्रत्येकाला विचारू लागले, काही तकलीफ आहे का. कुणाला काही तकलीफ नव्हती. हव, बढ़िया है, बहुत बढ़िया, असं म्हणत सगळे लिफ्टकडे जात होते. येताना पायरी-पायरीला थांबणाऱ्या बायका जाताना जवळजवळ पळत होत्या.

मला एक गोष्ट दिसली होती. कुणी एकेकटं उठत नसे. पॅसेजच्या कडेच्या सीटवर एक उंच काका बसायचे, देशकर काका. आधी ते उठायचे. ते उठले की रांगेमागून रांग उठायची, कुणी हुकूम दिल्यासारखी. हे मी मिश्रा सरांना सांगितलं नाही. त्यांनी देशकर काकांना बाजूला घेऊन समज दिली असती.

मध्ये एका बुधवारी शाळांना सुट्टी होती. मॉल मुलांनी भरला होता आणि आमच्या शोला मोजून चार माणसं आली. "छुट्टी के दिन भी नहीं आते," मिश्रा सर म्हणाले. त्यांनी आशा सोडली तो हा दिवस. मला विचित्र वाटलं, पण माझ्याही डोक्यात काही पेटलं नाही.

पेटलं ते त्याच्या पुढच्या बुधवारी. कलीगला काम होतं म्हणून मी शिफ्ट बदलली होती आणि दुपारी स्कूटीवरून कामाला निघाले होते. आम्ही ब्राह्मणपारातच राहतो. वस्तीच्या तोंडाशी एक ई-रिक्षा थांबली आणि तिच्यातून वानखेडे काकू उतरल्या, घाईने, पदर खोचत. मागोमाग आणखी तिघी. चारही चेहरे माझ्या हॉलमधले. आता तिथे पिक्चर चालू असायला हवा होता. त्या कोपऱ्यावरच्या सावलीत ओळीने उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने पिवळी स्कूल बस आली. एक मुलगा उतरला आणि त्याने न बघता दप्तर काकूंच्या हातात दिलं, बाटली दिली आणि आइस्क्रीम मागितलं.

मी स्कूटी बंद केली. काकूंनी मला ओळखलं.

"तू थेटरातली पोट्टी ना वं?"

मी मान हलवली.

"मंग तुले माहीत असंल. तो बाप वाचला का मेला?"

"वाचला," मी म्हणाले. काकूंचा चेहरा पडला. रांगेत त्यांच्या मागे असायच्या त्या बाईंनी विजयाने नाक वर केलं.

आता विचारणं भाग होतं. तुम्ही शेवटपर्यंत का बसत नाही, असं मी विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर माझ्यासमोर दप्तर घेऊन उभं होतं. मुलगा-सून ऑफिसात. बस दुपारी येते. बसला कुणी घ्यायला नसलं तर ड्रायव्हर मुलाला उतरवत नाही, पुढे नेतो, मग शाळेतून सुनेला फोन जातो. साडेअकराचा पिक्चर सव्वादोनला सुटतो. सुट्टीच्या दिवशी नातवंडं दिवसभर घरात, म्हणजे पिक्चरचा प्रश्नच नाही.

"अन् अंधारात घड्याळ दिसत नाही ना," काकू म्हणाल्या. "देशकर भाऊजी रेल्वेत गार्ड होते. जिंदगीभर गाड्या सोडल्या त्यायनं. ते उठले का आम्ही उठतो. एकदाही बस चुकली नाही."

सरांनी दारात उभं राहून विचारलं होतं, तेव्हा का नाही सांगितलं, असं मी म्हटलं.

"अर्ध्या पैशात दाखवून राहिले तुम्ही. वरून टाइमही आमच्या सोयीचा मागावा काय? बरं नाही दिसत ते." मग त्यांनी नातवाला दोन पावलं पुढे पाठवलं आणि आवाज खाली आणला. "अन् तू घरी बोलजो नको. घरी मी भजनाले जातो. पिक्चर म्हटलं का पोरगा म्हणते, मोबाइलवर पाह्य ना मम्मी. मोबाइलवर पाहाले घरी बसा लागते. घरी बसलं का कोणी ना कोणी आवाज देते. बुधवारचे हे दोन तास माये आहेत, बाकी सारा आठवडा त्यायचा."

हे दोन तास महिनाअखेर बर्थडे पार्ट्यांना जाणार आहेत, हे मी काकूंना सांगितलं नाही. ऑफिसला पोचले आणि मिश्रा सरांना मेल लिहिला. सर शेजारच्या केबिनमध्येच होते. मेलमध्ये सगळं लिहिलं आणि मागणी केली, शो साडेनऊला करा. मुलं सकाळीच शाळेत जातात. पिक्चर सव्वाबाराला सुटेल, बस पकडायला भरपूर वेळ. काकूंचं भजन मी गाळलं.

सर मेल वाचून बाहेर आले. "इंगळे, तुम्हारा मुँह ईमेल में ही खुलता है क्या?" पण मेल त्यांना पटला होता. दुसऱ्या दिवशी चौधरी सरांशी व्हिडिओ कॉल झाला. मी कॅमेरा बंद करून बसले. अडचणी खऱ्या होत्या. मॉल अकराला उघडतो, त्याआधी फक्त मागची लिफ्ट चालते. तिथे गार्ड लागेल, एसी लवकर लावावा लागेल, पॉपकॉर्नवाला मुलगा दहाशिवाय येत नाही. आणि म्हातारे लोक दिवसभर रिकामेच असतात, त्यांच्यासाठी एवढी उठाठेव कशाला, असं चौधरी सरांचं म्हणणं पडलं.

मेलच्या शेवटी मी एक ओळ लिहिली होती आणि पाठवल्यावर पस्तावले होते. मिश्रा सरांनी नेमकी तीच मोठ्याने वाचली.

"सर, इसमें पूछा है, आपके बच्चों को बस से कौन लाता है?"

"मम्मी," चौधरी सर स्क्रीनवरून म्हणाले. मग, "ठीक है, एक बुधवार. मैं खुद आऊँगा. हॉल आखिर तक बैठना चाहिए."

वेळ बदलली हे लोकांना कळवायचं कसं, हा पुढचा पेच. एरवी आम्ही मेसेज पाठवतो. पण तिकिटांवरचे निम्मे नंबर मुलांचे होते. मेसेज गेला असता तर किती घरांतली भजनं एका दिवसात उघडी पडली असती कोण जाणे. मी देशकर काकांच्या घरी जाऊन वेळ एका कागदावर लिहून दिली. त्यांनी ती पाहिली, 'राइट टाइम' म्हणाले आणि दार लावून घेतलं. बुधवारी नऊ वाजता मागच्या लिफ्टपाशी रांग होती.

चौधरी सर शेवटच्या रांगेत बसले. मी त्यांच्याजवळ दाराशी उभी राहिले. इंटरव्हलला सगळ्यांनी चहा घेतला, कुणी घाई केली नाही. पिक्चरमध्ये कोर्टाचा निकाल यायचा होता. हॉल गार होता, आवाज नेहमीचा होता. मिश्रा सर बाहेर फेऱ्या मारत होते.

आणि देशकर काका उठले.

त्यांच्या मागची रांग उठली. मग तिच्या मागची. पिशव्या उचलल्याचे, काठ्या टेकल्याचे, गुडघ्यांचे आवाज आले. वानखेडे काकू सीटखाली चप्पल शोधत होत्या. चौधरी सर मागे वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला काय चाललंय याचा देशकर काकांना पत्ता नव्हता. ते पायऱ्यांच्या दिव्यांवर नजर ठेवून माझ्याकडे चढत आले आणि त्यांनी संकोचून करंगळी वर केली.

आमच्याकडे नियम आहे, पिक्चर चालू असताना स्टाफने हॉलमध्ये बोलायचं नाही. हा नियम मी कधी मोडला नव्हता, मला तो आवडतो. बुधवारचा शो आजही चालू आहे आणि साडेनऊलाच आहे, हे इथेच सांगून टाकते. धडा म्हणाल तर एवढाच, की दुसऱ्याचा वेळ रिकामा आहे असं धरून चालायच्या आधी त्याला विचारावं. आणि विचारूनही तो सांगत नसेल, तर तो कुठे पळतोय ते बघावं. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी अंधारात दोन पायऱ्या उतरले आणि पुढच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बसा सगळे. देशकर काका फक्त बाथरूमला चालले आहेत."