चमचाभर पावडर

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. वहिनींवर ठपका आला तो माझ्या चुकीमुळे, एवढं तरी आता लिहून ठेवतो.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्या, नवी बिऱ्हाडं. त्यात दुष्काळ, पाणी टँकरचं, नाहीतर बोअरचं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. वहिनी घरी चेहरा धुवायचा पातळ साबण करत. बायका रिकाम्या बाटल्या घेऊन येत. फेसासाठी त्यात खोबरेल तेलापासून केलेलं एक सौम्य द्रव्य भरपूर पडे आणि फेसाची जहाल पांढरी पावडर चमचाभर. हे माप वहिनींनी महिनाभर स्वतःच्या गालावर पारखून ठरवलं होतं. गल्लीत त्या मापाला मान होता.

बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येई. एकदा शेजारीण म्हणाली, "काय वो, तोंडाला ताक लावल्यावानी वाटतंय. फेस कुठं हाय?"

"लई फेस पाहिजे तर भांड्याची पावडर लाव की तोंडाला!" वहिनी म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मला मात्र शेजारणीचं बोलणं लागलं, कारण सामान मी आणून देत होतो. पुढच्या खेपेचा साबण करून वहिनी बाजारात गेल्या तेव्हा मी गुपचूप त्यात आणखी तीन चमचे पावडर घातली. बाटली हलवली तर फेस बुचापर्यंत आला. तो तांब्याभर पाण्यात निघतो का, हे मात्र पाहिलं नाही. त्या दुष्काळात तोंड धुवायला तेवढंच पाणी मिळे.

आठवड्यात बायकांचे चेहरे ताणले, नाकाजवळ सालं निघाली. "तुमच्या हाताला पहिल्यासारखं माप न्हाई राहिलं," शेजारीण तोंडावर म्हणाली. वहिनींनी उरलेला साबण मोरीत ओतला.

"माझंच चुकलं असंल, भावजी."

मी मान डोलावली.

साबण त्यांनी पुन्हा कधी केला नाही. मसुराच्या पिठाचं उटणं करू लागल्या, तेही छान खपलं. दिवस सुखाचे गेले. त्यांच्या ओट्यावर रोज चहा, गप्पा, माझ्या टकलाची थट्टा. सांगायला हजार संध्याकाळी होत्या.

त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा सांगायचंच ठरवून गेलो. "भावजी, आधी हातपाय धुवा, मग बसा," त्या म्हणाल्या. मी हात धुतले, बसलो, चहा प्यालो आणि उठलो. पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं: वहिनी, माप तुमचं बरोबर होतं. पावडर मी वाढवली. मला माफ करा.