पेटी, भाता आणि माझा डावा हात

बाजाची पेटी घेऊन एसटीनं प्रवास करू नये, हे मला नांदुऱ्याला उतरताना कळलं. आधी कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. बायकोनं सांगितलं होतं, शेजाऱ्यानं सांगितलं होतं, आणि कंडक्टरनं तर तिकीट फाडतानाच सांगितलं, "काका, हे बाळ मांडीवर घ्या, सीट अडवू नका." बुलढाण्याहून घाट उतरून खाली येईपर्यंत ते बाळ माझ्या मांडीवर होतं. उतरायची वेळ आली तेव्हा दोन्ही पायांत मुंग्या, आणि पायरी कुठे आहे ते पेटीमुळे दिसेना. मी पायरीवर न उतरता सरळ कंडक्टरच्या अंगावर उतरलो.

ही अवदसा आठवली कशी, ते सांगतो. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून. पन्नाशीला टेकल्यावर लोकांना गुडघेदुखी होते, मला पेटी शिकायची हुक्की आली. वर्षभर घासून एक जुनं भावगीत हाताशी आलं. दार लावून बसलो की पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजायचं. समोर माणूस आला की मात्र घोटाळा. पेटीला दोन हात लागतात. उजव्यानं पट्ट्या दाबायच्या आणि डाव्यानं मागचा भाता हलवून हवा भरायची. कोणी बघायला लागलं की माझा सगळा जीव उजव्या बोटांत जातो आणि डावा हात जागच्या जागी बसतो. हवा संपते. पहिल्या कडव्याच्या तोंडाशी पेटी एकदा कण्हते आणि गप्प.

इकडे आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळाला पेटी हवी होती. बायको त्या मंडळात टाळ वाजवते.

"अहो, पेटी मंडळाले देऊन टाका. तिथं वाजन तरी."

"माझ्याकडे वाजत नाही का?"

"वाजते नं. अर्धी."

बरेच दिवस धुसफूस झाल्यावर तह झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाहेर पडायचं, जिथं कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी चार लोकांसमोर बसायचं आणि एक गाणं मध्ये न थांबता पुरतं वाजवायचं. वाजलं तर पेटी घरात, नाही तर मंडळात. "अन् खोटं बोलू नका," ती म्हणाली, "तुमच्या तोंडावर दिसते."

मी कबूल झालो, कारण मोबाईलवर परदेशातली पोरं रस्त्याच्या कडेला गिटार वाजवतात आणि येणारेजाणारे थांबून टाळ्या वाजवतात, हे मी रोज पाहत होतो. तिकडे लोक थांबतात तर नांदुऱ्याला का नाही थांबणार?

नांदुऱ्याला लोक थांबले. स्टेशनबाहेर लिंबाच्या सावलीत सतरंजी टाकून मी बसलो आणि पेटीचं झाकण उघडलं, तोच धान्याच्या दुकानातून एक शेठजी उठून आले.

"कोन्तं मंदिर?"

"मंदिर नाही. मी असंच वाजवतो."

"असंच काऊन?" त्यांनी माझ्याकडे, पेटीकडे, सतरंजीकडे पाहिलं. "पावती बुक कुठं हाय?"

"पावती बुक नाही."

"मंग देनगी कशी घेता बे?"

रस्त्यावर पेटी घेऊन बसलेला माणूस म्हणजे कोणत्या तरी जीर्णोद्धाराचा, आणि बिनपावतीचा म्हणजे लबाड. आमच्याकडे हे इतकं ठरलेलं आहे की मी त्यांच्या जागी असतो तरी हेच विचारलं असतं. मी घाईघाईनं वाजवायला घेतलं. ध्रुवपद झालं. कडव्याशी आलो तर पाच-सहा जण जमलेले. डावा हात बसला. पेटी कण्हली.

"बंद पडली का?" एका ऑटोवाल्यानं विचारलं. आवाजात खरी काळजी होती. "धक्का मारू का, काका?"

दुसऱ्या दिवशी हिवरा आश्रम. उन्हानं डोकं भणभणत होतं, पेटीच्या कडीनं तळहाताला वळ उठले होते, आणि लॉजवरच्या पंख्यानं रात्रभर जी कुरकुर केली ती माझ्यापेक्षा सुरात होती. गावात शिरतानाच एका झाडाखाली बसलो. इथं पावतीचं कोणी विचारलं नाही. एक म्हातारा आणि म्हातारी आली, पायातल्या चपला काढून समोर मांडी घालून बसली. गावाला आश्रमाचा लौकिक, माझ्या खांद्यावर उन्हासाठी घेतलेलं पांढरं उपरणं, दोन दिवसांची वाढलेली दाढी. मी काही समजावण्याआधीच म्हातारीनं पायावर डोकं ठेवलं.

वाजवलं. कडव्याशी अडलो. दोघं हात जोडून वाट पाहत राहिली. बराच वेळ गेला.

"महाराज, पुढं?" म्हाताऱ्यानं हळूच विचारलं.

"पुढं मौन आहे," मी म्हणालो.

दोघांनी माना डोलावल्या. माझ्या आयुष्यात कोणी इतकं समजून घेतलेलं नाही. ती उठून गेल्यावर मी पेटीवर डोकं टेकून डोळे मिटले. समाधी नव्हे. झोप.

तिसऱ्या दिवशी साखरखेर्ड्याला उतरलो तेव्हा हौस संपली होती. बाजार होता. कोथिंबिरीच्या जुड्या दुपारपर्यंत माना टाकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या ओळीत मीही. एक बाई भाव विचारायला वाकली आणि पेटी पाहून पुढे गेली. मी वाजवलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचायचं होतं. ही शेवटची संधी, हे कळत होतं, पण हात उचलावासा वाटेना. स्टँडवर जाऊन बाकावर बसलो. मनात पेटी मंडळाला देऊनही टाकली.

तेवढ्यात पांढरी टोपी घातलेला एक उंच म्हातारा समोर उभा राहिला.

"पेटी तुमचीच का?"

"हो."

"वाजवता?"

इथं मी "शिकतोय" म्हणायला हवं होतं. पण तीन दिवसांत पहिल्यांदा कोणी इतक्या आशेनं विचारलं होतं. "हो," मी म्हणालो, वर "थोडीफार" असंही म्हणालो. आपल्याकडे थोडीफार म्हणणारा माणूस उस्ताद असतो.

ते तिथल्या भजनी मंडळाचे बुवा होते. त्या दिवशी एकादशी. त्यांच्या पेटीवाल्याचा, म्हणजे गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा, डावा हात प्लास्टरमध्ये होता. गिट्टीवरून गाडी घसरली होती. महिनाभर नुसत्या टाळ-मृदंगावर भजन चाललं होतं. "बिनमिठाचं जेवन हो ते," बुवा म्हणाले. "चला. आमच्या घरी फराळ करा, उद्या पहिल्या गाडीनं जा."

साबुदाण्याची उसळ आणि दही पोटात गेल्यावर मी विसरलो की मी कोण आहे.

दिवेलागणीला मारुतीच्या देवळात सगळे जमले. मला मधोमध बसवलं. गिरणीवाला गळ्यात हात अडकवून खांबाला टेकून बसला होता. केसांत अजून पीठ, नजर माझ्या बोटांवर. बुवांनी वीणा छेडली आणि म्हणाले, "काळी चार."

म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवरून सूर धरायचा. पेटीवर काळी चार कुठे असते हे मला माहीत होतं. पण माझं गाणं, माझी बोटं, माझं सगळं शिक्षण पांढरी एकवर बसलेलं. तिथून उठून काळी चारवर जाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात अंधारात पाणी शोधणं. बुवांनी तोंड उघडलं, टाळ वाजले, मृदंगावर थाप पडली. मी दोन पट्ट्या दाबल्या. एक बरोबर होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात बसला.

पेटी कण्हली. टाळ थांबले.

"बंद पडली का?" कोणीतरी विचारलं. हे वाक्य जिल्हाभर माझ्या आधी पोचत होतं.

मी खरं सांगून टाकलं. एकच गाणं येतं, तेही अर्धं, आणि माणसं पाहिली की हात चालत नाही. बुवांनी वीणेवरून हात काढला. कोणी हसलं नाही, त्यानं जास्त वाईट वाटलं. मग खांबाजवळून गिरणीवाला सरकत सरकत आला आणि उजव्या बाजूनं माझ्या मांडीला मांडी लावून बसला.

"सरका जरा. बोटं माही, भाता तुमचा. जमन?"

"भाताच तर जमत नाही."

"बोटाकडं पाहून राह्यले म्हनून जमत नाही. तिकडं मारुतीकडं पाहा."

मी मारुतीकडे पाहिलं. शेंदूर, रुईची माळ, एक समई. डाव्या हातानं भाता हलवला. शेजारून एका उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर उतरली आणि माझ्या पेटीतून, जी वर्षभर मला दाद देत नव्हती, काळी चारचा सूर देऊळभर पसरला.

"हळू हळू," तो कुजबुजला, "दळन नाही दळाचं आपल्याले." थोड्या वेळानं, "झोपले का? हवा द्या, हवा." बुवांच्या गळ्याबरोबर भजन चढत गेलं. माझा खांदा भरून आला, मनगट सुजल्यासारखं झालं, घाम डोळ्यांत उतरला. अभंगामागून अभंग. मी एकदाही थांबलो नाही. थांबलो असतो तर त्याची बोटं मुकी झाली असती, आणि महिनाभरानं ती मोकळी झाली होती. शेवटच्या गजराला त्यानं डोळे मिटले होते. त्याचं प्लास्टर माझ्या बरगड्यांना घासत होतं आणि मला ते हलवायला सांगायचा धीर झाला नाही.

आरती झाल्यावर त्यानं माझ्या उपरण्यानं पेटीवरचं पीठ पुसलं. "उद्या थांबा नं," एवढंच म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. माझ्या हातातली पेटी तिनं घेतली, म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला, आणि परत माझ्याकडे दिली.

"वाजलं का पुरतं?"

"वाजलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

तिनं तोंडाकडे पाहिलं. "कोनं वाजवलं?"

सगळं सांगितलं. पावती, मौन, गिरणीवाला. मौनाशी ती इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. मग बराच वेळ माझ्या सुजलेल्या मनगटाला तेल चोळत राहिली.

"अर्धं तुम्ही वाजवलं," शेवटी म्हणाली, "तं अर्धी पेटी तुमची. गुरुवारी अन् एकादशीले मंडळाची."

हिशोबात ते अर्ध्याच्या जवळपासही बसत नाही, माझ्याच वाट्याला जास्त दिवस येतात, पण मी तो मुद्दा काढला नाही.

आता गुरुवारी पेटी मंडळात जाते. उचलून मीच नेतो आणि संपेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसतो, कारण परतही मलाच आणायची असते. आत शेजारची एक बाई वाजवते, चांगली वाजवते. मी रस्त्याकडे बघत बसतो. दमलेला असतो, ऑफिसचा दिवस असतो. मध्येच लक्ष जातं तर डावा हात मांडीवर आपला आपला मागेपुढे होत असतो.