माहेरचा रकाना

विद्यापीठात माहिती प्रणाली हा विषय मी बावीस वर्षं शिकवतेय, आणि चांगला शिकवते. हे मीच सांगितलं की शेजारच्या विभागातले प्राध्यापक नाक मुरडतात, मुरडोत बापडे. अंबडच्या आमच्या वस्तीतून पीएच.डी. झालेली मी पहिली. वडील शाळामास्तर. ते म्हणायचे, "आपल्याला नम्र राहा म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यात मी कशाला भर घालू?" त्यामुळे तो एक विषय माझा कच्चाच राहिला.

पहिल्या तासाला मी मुलांना सांगते, संगणक नंतर उघडा, आधी माणसं काम कसं करतात ते जाऊन बघा. हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं की स्वतः तसं वागायचं राहून गेलं.

काही वर्षांपूर्वी गरोदर बायांच्या तपासण्यांची नोंद ठेवणारी प्रणाली बनवायचं काम जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडून माझ्याकडे आलं. गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरनी टॅबवर नोंद करायची. तपासणी चुकली की त्या बाईच्या नावापुढे लाल खूण, आणि अशा खुणा वाढल्या की नकाशावर ते उपकेंद्रच लाल. आढावा बैठकीत नकाशा पडद्यावर लावला तेव्हा साहेबलोक खूश झाले. शहागडकडचं एक उपकेंद्र लालभडक दिसत होतं. "काम कुठं होत नाही ते एका नजरेत कळतं," मी म्हणाले. टाळ्याही मिळाल्या.

पंधरा दिवसांनी त्याच उपकेंद्रातल्या सिस्टरचा फोन आला. प्रशिक्षणात माझा नंबर मी सगळ्यांना दिला होता. तो वापरणारी ही एकटीच निघाली.

"मॅडम, तुमच्या नकाशावरून मला नोटीस आलीय. कंत्राट वाढवायचं न्हाई म्हणून राह्यले. एकदा येऊन बघता का?"

मी गेले. खरं सांगायचं तर तिला चार गोष्टी समजावून सांगायलाच गेले. टेबलावर लाल खुणांची यादी ठेवली आणि एकेक नाव विचारायला लागले.

"ही?"

"माहेरी."

"आणि ही?"

"बदनापूरला. माहेरी."

"ही पण?"

"पहिलटकरीण हाय मॅडम. माहेरीच असणार की."

मग तिनं आपलं रजिस्टर उलटं करून मागची पानं उघडली. प्रत्येकीचं माहेरचं गाव, आईचा किंवा भावाचा मोबाइल, तिकडच्या सिस्टरचं नाव, तपासणी कोणत्या तारखेला झाली, सगळं निळ्या शाईत नीट लिहिलेलं. तिच्या हातून एकही बाई निसटली नव्हती. निसटल्या होत्या त्या माझ्या प्रणालीतून.

"पण मग बाकीची उपकेंद्रं लाल का नाहीत?"

ती जरा घुटमळली. "बाकीच्या 'झाली' दाबून राह्यल्या. मला न्हाई जमत. मी तपासलंच न्हाई तिला, तर कसं दाबू?" आणि चहाचा कप माझ्यापुढे सरकवत तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही पहिल्या बाळंतपणाला कुठं गेल्ता?"

अंबडला गेले होते! सातव्या महिन्यात भाऊ न्यायला आला आणि मी, एवढी विद्यापीठातली मॅडम, रजेचा अर्ज टाकून निमूट गाडीत बसले. आमच्याकडे घराघरातली लेक पहिल्या वेळी हेच करते. तरी मी बनवलेल्या प्रणालीत गावासाठी रकाना एकच होता, सासरच्या गावाचा. मला भयंकर लाज वाटली. रागही आला, पण तो काढायला समोर दुसरं कोणीच नव्हतं.

दुरुस्ती आठवड्यात झाली. माहेरच्या गावाचा रकाना आला, आणि बाई तिकडे गेली की तिथल्या सिस्टरला आपोआप निरोप जाऊ लागला. असलं काम मला येतं. नोटिशीच्या सुनावणीला मात्र मी सिस्टरबरोबर स्वतः गेले. मला बघून साहेब संकोचले.

"नोटीस मागं घेऊ, मॅडम. 'तांत्रिक कारण' असं लिहू. तुमचं नाव कशाला मध्ये आणायचं?"

"तांत्रिक कारणाला नाव नसतं, साहेब. या चुकीला आहे."

तिथंच बसून मी कागदावर लिहिलं: सिस्टरनी सर्व तपासण्यांचा पाठपुरावा वेळेवर केला आहे. प्रणालीची रचना मी केली, तीत माहेरची सोय ठेवली नाही. चूक माझी. खाली पदासकट सही केली. कंत्राट वाढवायचं तिथल्या तिथं ठरलं.

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाली, "मॅडम, त्या कागदाची एक झेरॉक्स पाहिजे होती."

"आता कशाला? नोटीस तर गेली."

"सासऱ्यांना दाखवायचीय. नोटीस आल्यापासून त्यांना वाटून राह्यलं, मी कामाच्या नावानं निघते अन् कुठंतरी बसून राहते. महिना झाला, बोलत न्हाईत माझ्याशी."

समोरच्या दुकानात आम्ही प्रत काढली. माझे शोधनिबंध पुष्कळ छापून आलेत, पण घरी न्यायला म्हणून माझं लिखाण कोणी मागितलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच. तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे 'चूक माझी' पण वाचून दाखवते त्यांना. चालंल ना?"

"मोठ्यानं वाचा," मी म्हणाले.