परकारबाईंनी बदललेलं एक वाक्य

परकारबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या शाळेच्या जिन्यात, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुझ्याकडे खायचा सोडा आहे का गो?"

कतारमध्ये अल रय्यानमधल्या मुलींच्या त्या शाळेतला माझा तो पहिला दिवस होता. मी पुण्याची, गणित शिकवायला आलेली, आणि सोडा बरोबर घेऊन हिंडायची मला सवय नव्हती. माझं मराठी आडनाव त्यांनी सूचनाफलकावर आधीच वाचून ठेवलं होतं. पण परक्या मुलखातल्या शाळेत कुणी 'गो' म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मी कॅन्टीनमधून सोडा मागून आणला. बाईंनी तो आमसुलाच्या लाल पाण्यात टाकला, पाणी हिरवट काळं झालं, आणि मुली बाकं सोडून टेबलाभोवती गोळा झाल्या. आम्ल आणि अल्कली त्या वर्गाला दापोलीच्या आमसुलांनी शिकवलं.

आमसुलांवर भागवायची वेळ का आली, तेही सांगायला हवं. त्या सुमाराला कतारमध्ये नव्या धर्तीच्या शाळा निघाल्या होत्या. सरकार मुलीमागे ठरावीक पैसे देई, आणि ते कशावर खर्च करायचे हे शाळा चालवायला घेतलेली मुदीरा, म्हणजे मुख्याध्यापिका, ठरवी. आमच्या मुदीरांनी प्रवेशदालनात संगमरवरी कारंजं बसवलं होतं. प्रयोगशाळेत मात्र रसायनं नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं. परकारबाई रोज सकाळी कारंज्यातून बादली भरून वर नेत. एकदा मुदीरांनी हटकलं, तेव्हा बाई गोड हसून म्हणाल्या, "पैसे मुलींच्या नावाने आलेत ना, मॅडम? मग पाणीही मुलींनाच नेते." महिन्याभरात नळ सुरू झाला.

ठेंगणी मूर्ती, काळा अबाया, त्याखाली पांढरे धावायचे बूट. डब्यात तांदळाची भाकरी, आणि ती स्वतः खाण्याआधी चार जणींच्या ताटात पोचलेली. एखादी शिक्षिका मुदीरांकडे रजा मागायला घाबरली, की बाई म्हणत, "विचारायला पेट्रोल लागतं काय? आणि लागलं तरी इथे स्वस्त आहे."

दुसऱ्या वर्षी नवे करार हातात पडले. त्यात एक वाक्य वाढलं होतं: शाळा कुठल्याही शिक्षिकेला कधीही, कारण न देता कामावरून कमी करू शकेल. दुपारपर्यंत सह्या करून द्यायच्या होत्या. माझ्या शेजारी इजिप्तची सामिया बसली होती. ती अरबी शिकवायची. दोन मुलं इथल्या शाळेत, तिसरं पोटात, आणि व्हिसा आमच्या शाळेचा. नोकरी गेली की देश सोडायचा. तिने पेन उचललं.

परकारबाईंनी ते अलगद तिच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"चल गो. आपणच जायचं."

"आपणच का?" मी विचारलं.

"आपण नवऱ्याच्या व्हिसावर आहोत, आपले स्पॉन्सर तेच. ही बोलली तर हिला बॅगा भरायला लागतील. माझा स्पॉन्सर घरी माझ्या हातचं जेवतो, त्याला मी बघून घेईन."

माझ्या स्पॉन्सरला स्वयंपाक माझ्यापेक्षा बरा येत होता, पण हे सांगायला सवड मिळाली नाही. बाई जिना उतरूनही गेल्या होत्या.

मुदीरांनी आम्हाला बसवलं, खजूर पुढे केले आणि कुणी पाठवलं म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "पाठवलं कुणी नाही. ज्यांना यायचं होतं त्यांना येता येत नाही, म्हणून आम्ही आलो." मग त्यांनी शांतपणे आपलं म्हणणं मांडलं. चूक झाली तर जरूर काढा. पण उगाच काढायचं असेल तर वर्ष पुरं होऊ द्या आणि आधी सांगा. वर्गाची बाई मध्येच नाहीशी झाली तर परीक्षेला मुलींनी बघायचं कुणाकडे? मी मान डोलवत होते आणि घाबरून एकामागून एक खजूर खात होते.

त्या दुपारी सह्या मागायला कुणी आलं नाही. आठवड्याने नवे कागद आले, त्यात ते वाक्य बाईंनी सांगितलं तसं बदललेलं होतं. सामियाने सही केली. हिवाळ्यात तिला मुलगी झाली, आणि रजा संपवून ती पुन्हा वर्गावर उभी राहिली.

त्याच वर्षाच्या शेवटी परकारबाईंना निरोप मिळाला. आधी कळवून, वर्ष पुरं झाल्यावर, अगदी नियमाप्रमाणे. "वाक्य माझं, आणि पहिलं गिऱ्हाईकही मीच," म्हणत त्या सगळ्यांना हसवत राहिल्या. नंतर मी प्रयोगशाळेत गेले, तेव्हा त्या पाठमोऱ्या उभ्या राहून चंचुपात्रं धूत होत्या. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. मी तशीच परत फिरले.

पुढे बिन महमूद भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये त्यांनी शिकवण्या सुरू केल्या. दोनेक वर्षांनी एका संध्याकाळी मी गेले, तर सोफ्यावर मुदीरा. त्यांच्या मुलीला विज्ञान कळत नव्हतं. बाई आपल्या अटी सांगत होत्या: सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत, शिकवणी बंद करायची तर महिनाभर आधी सांगायचं. मुदीरांनी सगळं मान्य केलं. मग कपाकडे बघत त्या म्हणाल्या, "माझा शाळा चालवायचा करारही असाच होता. मुदत संपली, यंदा वाढवला नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही कुणी काढू शकतं, हे तोवर माझ्या मनातच आलं नव्हतं.

"का नाही वाढवला?" बाईंनी विचारलं.

"कारण दिलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

मुदीरांनी नाही म्हणून मान हलवली. बाईंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"मग उद्या सकाळी शिक्षण खात्यात जाऊ. मी येते बरोबर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "तूपण चल गो. आणि घरून खाऊन ये."