कडब्याविना गेलेला उन्हाळा

बाहेरची माणसं म्हणतात, वऱ्हाडची जमीन सोन्यासारखी, पण माणूस आळशी, म्हणून हा मुलूख मागे राहिला. आता वाद घालायचाही कंटाळा येतो. आमच्या घरात आळशी कोणी नव्हतं.

मी लहान होते तेव्हा कुठे तरी परमुलखात लढाई लागली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या कापसाला अचानक मोल आलं. त्याआधी नाल्याकडच्या तुकड्यात दरवर्षी ज्वारी असे. दाणा आम्हाला, कडबा बैलांना. कापूस बाया घरीच लाकडी चरकीवर पिळायच्या. रुई विकली जाई आणि सरकी गोठ्यात राही.

त्या वर्षी बाप म्हणाला, नाल्याकडंही कापूसच.

मायनं विचारलं, "अन् बैलाइले काय कापसाची पऱ्हाटी खाऊ घालता जी?"

"कापूस इकला का कडबा इकत घेऊ."

"सारं गाव कापूस पेरून राहिलं. कडबा इकनार कोन?"

"तुले लय समजते!"

पोळ्याला बापानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. गावात पाच-सहा घरांनी तसंच केलं. कापूस फुटला तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस थेट वावरात आला. पिळायची खटपट करू नका, सरकीसकट द्या, म्हणाला. बापाला बरंच वाटलं. बैलबंड्या भरून अमरावतीला गेल्या. चरकी कोपऱ्यात पडली. माय म्हणाली, सरकीही गेली. कोणी ऐकलं नाही.

होळीनंतर गोठ्यात काही उरलं नाही. बाप कनवटीला रुपये बांधून कडबा शोधायला निघाला. शेजारच्या गावचा ओळखीचा शेतकरी वाटेतच भेटला आणि हसायला लागला. "वा भाऊ! मी तुमच्याकडंच निघालो होतो कडबा मांगाले!"

बाप तसाच परतला. पुढे लांबच्या गावांतही हिंडला, पण तिकडेही तेच. रुपये होते, कडबा नव्हता. आम्ही बाभळीच्या शेंगा झोडल्या, घराच्या छपराचं जुनं गवत काढून घातलं. तांबडा बैल वैशाखात बसला. चार माणसांनी शेपटीकडून उचलून पाहिलं. तो उभा राहिला आणि पुन्हा बसला. तिसऱ्या दिवशी मेला. माय रडली नाही. म्हणाली, "आता दुसऱ्याले तरी वाचवा."

दुसरा वाचला. पण एका बैलानं वखर चालत नाही. शेजाऱ्याचाही एकच उरला होता, म्हणून दोघांनी जोडी लावून आळीपाळीनं वावरं वखरली. आमची पाळी उशिरा आली. तोवर लढाई संपल्याची बातमी आली आणि भाव पडला.

बापानं तेव्हा पहिल्यांदा मायला विचारलं, "नाल्याकडं ज्वारी पेरतो. बी हाय का घरात?"

"कुठून राहीन? पेरलीच नाही त बी कायचं?"

माय रिद्धपूरकडे माहेरी बी मागायला गेली. तिथंही मागच्या वर्षी कापूसच होता. मूठभर मिळालं, तेही किडलेलं. पाऊस लागला होता, थांबता येत नव्हतं. व्यापाऱ्याचा माणूस पेरायला सरकी दारात आणून देत होता. बापानं ती घेतली आणि नाल्याकडे पुन्हा कापूसच लावला. काही वर्षांनी रेल्वे आली, कापूस न्यायला आणखी सोपं झालं. तो तुकडा आजही कापसाखालीच आहे.