सेठजींची कूपे आणि माझा कटर

"छत काट दो, मॅडम. मेरा लडका इसमें खडा होकर बारात में जाएगा."

राइस मिलचे मालक सेठजी गाडीच्या टपावर थाप मारत म्हणाले. गाडी होती जुनी जर्मन स्पोर्ट्‌स कूपे. कूपे म्हणजे दोन दारांची, पक्क्या टपाची कार. मुंबईच्या एका पार्टीकडून त्यांनी ती हौसेने आणली होती. गोंदियात माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. सेठजींचे सगळे ट्रक आमच्याकडेच यायचे.

"टप कापणार नाही," मी म्हटलं.

"क्यों? डर लगता है?"

मी कारण सांगितलं. ट्रकला खाली चेसिस असते, म्हणजे लोखंडी सांगाडा. केबिन उतरवली तरी ट्रक उभा राहतो. या गाडीला वेगळी चेसिसच नाही. फ्लोअर, खांब आणि टप मिळून सांगाडा. टप गेला की गाडी मधोमध खाली बसणार, दारं लागणार नाहीत. शिवाय हे मॉडेल साठच्या दशकातलं. कंपनीने पुढे बंपर बदलले, इंजिनं मोठी केली. शेवटी हवेवर थंड होणारं इंजिन काढून पाण्यावरचं बसवलं. पण टपापासून शेपटीपर्यंतचा तो उतार कधी सोडला नाही. तो मी काऊन मोडू?

"कंपनी भी तो खुली छतवाली बनाती है."

"ती खालून मजबूत करून बनवते. तशी पाहिजे तर तशी घ्या."

"गाडी मेरी है."

"तुमचीच आहे. कटर माझा आहे."

"तो मेरे सारे ट्रक भी जाएँगे."

"न्या."

ते गेल्यावर आमचे जुने डेंटर गुलाबभाऊ जवळ आले. "ताई, कायले अडून राहिल्या? एका टपापायी सारे ट्रक गेले ना!"

"चालत्या गाडीचं दार उघडून नवरदेव पडला, तर नाव कोणाचं येईल, भाऊ?"

त्यांनी डोकं खाजवलं. "आपलंच."

तो सीझन कठीण गेला. आजूबाजूच्या गावांची किरकोळ कामं केली: चिचगडकडच्या जीपा आल्या, सौंदडच्या ट्रॅक्टरांची मडगार्डं ठोकली. यार्ड रिकामंच राहायचं. पण सेठजींना फोन केला नाही.

लग्नानंतर कूपे एका ट्रकवर चढून परत आली. दुसऱ्या शहरात कोणीतरी टप कापला होता. गाडी मध्ये बसली होती. दारं लागत नव्हती, वरातीत ती दोरीने बांधावी लागली. नवरदेव अर्ध्या रस्त्यात उतरून घोडीवर बसला म्हणे.

"पहले जैसी कर दो," सेठजी म्हणाले.

"कापलेला टप कुठाय?"

"कबाड में दे दिया."

"मग नाही होणार."

त्यांनी न लागणारं दार एकदा ओढून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तुमने रोका क्यों नहीं?"

"रोकलं होतं, सेठजी."

कूपे आज त्यांच्या मिलमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. ट्रक मात्र दिवाळीनंतर एकेक करून आमच्याकडे यायला लागले. आमच्या धंद्यात गेलेलं गिऱ्हाईक परत येतं. कापलेला पत्रा येत नाही.